पोरीचा ताबा आणि मोडनिंबची वहिवाट

कोर्टात तारखा पडतात, आमच्या ऑफिसात किस्से! सोलापूरच्या सात रस्त्याजवळचा आमचा जिना चढणारा प्रत्येक पक्षकार एखादा तरी टाकून जातोच. मी म्याकल मॅडमची ज्युनिअर वकील. मैत्रिणी जमल्या की "सांग गं एखादा" म्हणतात, आणि माझी गाडी दरवेळी ओवीच्या केसवर येते. येणारच! अभिमान आहे मला त्या केसचा.

*

ओवी सात वर्षांची. इंग्लंडमध्ये आईबापाचा घटस्फोट झाला. बापाने तिला सुट्टीला म्हणून मोडनिंबला आणलं आणि आजोबांकडेच ठेवून घेतलं. तिची आई स्वाती तिकडच्या कोर्टाचा हुकूम घेऊन आमच्याकडे आली. "मॅडम, मुलगी आईकडे द्या असं स्पष्ट लिहिलंय. आजच पोलीस घेऊन जाऊ या?"

मॅडमनी हुकूम नीट वाचला. "बाई, हा कागद सोलापुरात पाहुणा आहे. पाहुण्याला पाट देऊ, चहा देऊ, पण घरातला निर्णय घरचेच घेतात! ओवीचं भलं कशात आहे, ते इथलं कोर्ट स्वतः बघणार."

स्वाती रडायला लागली. "अहो, पाहुण्याच्या शब्दाला वजन असतं. आणि मी आहे की!" मॅडम म्हणाल्या.

*

पहिल्या तारखेला आजोबा पटका बांधून हजर. कुणी न विचारताच उभे राहिले. "सायेब, इंग्रज जाऊन जमाना झाला. आजून त्यांचा हुकूम पाळायचा व्हय?"

सगळं कोर्ट हसलं, जजसाहेबसुद्धा! एकटी स्वाती तेवढी हसली नाही.

*

आमच्या कायद्यात जमिनीचाही ताबा आणि पोराचाही ताबाच. आजोबांनी तेच धरलं. व्हरांड्यात मॅडमना गाठून म्हणाले, "ताबा माजा हाय. पोरगी माज्या घरात ऱ्हाती, वहिवाट माजी. सगळं गाव साक्ष दील!"

"आजोबा, पोरगी म्हणजे बांध नव्हे. बांध रडत नाही."

त्यांचा स्वतःचा वकील तोंड फिरवून हसला!

*

साहेबांनी ओवीला चेंबरमध्ये बोलावलं आणि कौतुकाने इंग्रजीत विचारलं. ती म्हणाली, "मराटीत इचारा की!"

ही गोष्ट साहेबांनीच बाहेर येऊन सांगितली. समोरचे वकील खूश. "बघा, पोरगी पक्की मोडनिंबकर झाली!"

"पुढचंही ऐका," साहेब म्हणाले. "झोपताना कुणाला हाक मारतेस, असं मी विचारलं. म्हणाली, आईला. पण मनातल्या मनात, आजोबाला वाईट वाटतं की."

आजोबांनी डोक्यावरचा पटका काढून मांडीवर ठेवला. निकाल स्वातीच्या बाजूने लागला. त्यांचा मुलगा, म्हणजे ओवीचा बाप, अपिलाचं बोलायला लागला, तसं म्हाताऱ्याने त्याला गप्प केलं. "न्हाय करायचं. पोर मनात रडती." त्या दिवशी मला आमच्या मॅडमइतकाच त्या म्हाताऱ्याचाही अभिमान वाटला.

*

कोर्टातूनच स्वाती ओवीला घेऊन मुंबईच्या विमानतळाकडे निघाली. मोडनिंब वाटेवरच, तेव्हा ती म्हणाली, "मामंजी, बसा गाडीत. घरापाशी सोडते." आजोबा ओवीशेजारी बसले.

दुसऱ्या दिवशी मॅडमना स्वातीचा फोन. "मॅडम, मामंजी मोडनिंबला उतरलेच नाहीत!"

"मग पुढे टेंभुर्णीला उतरले?"

"नाही हो! विमानतळावर आहेत. तुमच्याशी बोलायचंय म्हणतात."

फोनवर आजोबा आले. "वकीलबाई, हरलो त्ये हरलो. आता माजी एक केस घ्या. पासपोर्टची!"