चिखलीनं काढलेला व्हिसा

माणूस परदेशी एकटाच जातो, पण आमच्या काळी त्याचा अर्ज अख्खं गाव करायचं. आणि जिथं दहा जण एका कामाला हात लावतात, तिथं काम होवो न होवो, किस्से होतातच. चिखलीच्या आमच्या शाळेत मास्तरांच्या खोलीत चहा आला की अजूनही कोणीतरी म्हणतं, "सर, ते शालिग्रामचं सांगा ना." मग चहा गार होतो.

शालिग्राम आमचा विद्यार्थी. महाराष्ट्र होऊन दोन-चार वर्षंच झाली होती. अकोल्याला शेतकीचं शिकून तो पहिल्या वर्गात पास झाला आणि अमेरिकेतल्या एका विद्यापीठानं त्याला कपाशीवर पुढं दोन वर्षं शिकायला बोलावलं. खर्च सगळा त्यांचा. अट एकच, सप्टेंबरात वर्ग सुरू व्हायच्या आत पोचायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला. तेव्हा उन्हाळा लागला होता. पासपोर्ट नव्हता, व्हिसा नव्हता, आणि व्हिसा म्हणजे काय ते सांगेल असा माणूसही चिखलीत नव्हता. मी इंग्रजी शिकवायचो, म्हणून सगळे धरून चालले की मला ठाऊक असणार. मीही कोणाचा गैरसमज दूर केला नाही.

*

पासपोर्टच्या अर्जामागोमाग पोलीस चौकशी आली. हवालदार सायकल मारत शालिग्रामच्या गावी गेला आणि त्यानं पारावरच्या मंडळींना विचारलं, "शालिग्राम किसन कोण बे?"

आता खेड्याची एक रीत असते. पोलीस ज्याचं नाव घेऊन येतो, तो माणूस त्या दिवसापुरता गावात नसतो. पारावरचे सगळे एका सुरात म्हणाले, "असा कोणी नाई बा आमच्या गावात."

हवालदार घरी गेला. शालिग्रामच्या आईनं पोराला आधीच मागच्या गोठ्यात कोंबून वर कडबा टाकला होता. का, ते त्यालाही सांगितलं नव्हतं.

"बाई, तुमचं पोरगं कुठी हाय?"

"मले पोरगंच नाई," आई म्हणाली. मागे तिचे दोन मोठे मुलगे उभे होते.

हवालदारानं लिहून टाकलं, सदर इसम गावात आढळत नाही. हवालदार गेल्यावर त्या माउलीनं कडब्यातून पोराला बाहेर काढलं, आपल्या तोंडून असं अभद्र कसं निघालं म्हणून रडली, आणि मीठ-मिरच्यांनी त्याची दृष्ट काढली. त्याला शिंकांवर शिंका आल्या, त्या मात्र मिरच्यांनी नव्हे, कडब्यानंच असाव्यात.

*

हे आम्हाला कळलं ते आमच्या ड्रॉइंग मास्तरांमुळे. सोनोने त्यांचं नाव. हॉटेलात तो हवालदार त्यांच्याच बाकड्यावर चहा पीत होता. सोनोने अर्धा कप तसाच टाकून माझ्याकडे पळत आले. अहवाल अजून बुलढाण्याला गेला नव्हता, हे नशीब. मी हवालदाराच्या हातापाया पडलो आणि दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन गावात गेलो. आधी जाऊन पारावर समजावून सांगितलं, की बाबांनो, या वेळी पोलिसाला खरं सांगितलं तर पोराचं भलं होणार आहे.

समजावलं हीच चूक झाली. अख्खं गाव जमलं. पोराचं वागणं कसं आहे, असं हवालदारानं विचारायचा अवकाश, जो तो सुरू झाला. कोणी म्हणे, यानं आजवर मुंगी मारली नाही. कोणी म्हणे, याच्या पायगुणानं विहिरीला पाणी लागलं. एका म्हाताऱ्यानं तर सांगितलं की हे पोरगं जन्मलं तेव्हा रडलंसुद्धा नाही, उगाच कोणाले तरास काऊन द्यायचा म्हणून.

हवालदारानं पेन्सिल कानाला लावली. "मास्तर, काल हा जन्मलाच नव्हता, आज संत झाला. मी मधलं काईतरी लिहितो."

त्या मधल्यावर पासपोर्ट आला.

*

मग देवीची लस. परदेशी जाणाऱ्याला ती टोचल्याचा दाखला लागायचा. लस टोचली, दंडावर फोड उठला, थोडा ताप आला. आईच्या लेखी तो लशीचा फोड नव्हताच, साक्षात देवी घरी आली होती. तिनं दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधला, घरातला फोडणीचा वास बंद केला आणि पोराच्या दाढीला वस्तरा लावायला मनाई केली. देवी पाहुणी असताना घरात लोखंड चालवायचं नाही.

नेमके त्याच आठवड्यात व्हिसासाठी फोटो हवे होते. डहाळा उतरायची वाट बघितली असती तर अमेरिकन वकिलातीनं दिलेली मुंबईची तारीख गेली असती. सोनोने फावल्या वेळात फोटोही काढायचे. त्यांनी शालिग्रामला अंगणातच उभं करून फोटो काढला. दाढी अशी वाढलेली की गुन्हेगार बरा. "काळजी करू नका सर, मी ब्रशनं साफ करतो," म्हणाले.

केलीही. पण सोनोन्यांचा हात बसलेला होता शाळेच्या भिंतीवरच्या थोर पुरुषांच्या तसबिरींवर. दाढी पुसता पुसता त्यांनी कपाळ रुंद केलं, गाल भरले आणि नजर दूर क्षितिजाकडे लावून दिली. आमच्या हेडमास्तरांनी फोटो हातात घेतला, चष्मा नीट केला आणि गंभीरपणे विचारलं, "यांची जयंती केव्हा असते?"

शेवटी तार करून मुंबईची तारीख पुढं ढकलली आणि देवी गेल्यावर फोटो पुन्हा काढला. पहिला शालिग्रामच्या घरी अजून भिंतीवर आहे.

*

कोट शिवायला चिखलीचाच टेलर. हा शाळेचे गणवेश आणि नवरदेवांचे कोट शिवणारा. पंधरा दिवसांनी कोट घालून शालिग्राम आमच्या खोलीत आला तेव्हा हाताची बोटं दिसत नव्हती.

मी टेलरकडे गेलो. तो शांतपणे म्हणाला, "सर, वाढत्या अंगाचा शिवला. तिकडं दूध-लोणी खाईन पोट्टं. अंग भरलं की कुठी शोधत बसन मले?"

*

वकिलातीत साहेब मुलाखत घेतात असं ऐकलं होतं. म्हणून मी हेडमास्तरांच्या खुर्चीवर बसून साहेब झालो. प्रश्न माझे, उत्तरंही मीच लिहून दिलेली, आणि खोटं कशाला बोलू, इंग्रजी झकास होतं. शालिग्राम हाताची घडी घालून उभा राहिला आणि सगळं घडाघडा बोलला.

"तिथं खुर्ची देतील. बसून बोलावं लागेल. बस," मी म्हटलं.

तो बसेना. मास्तरांसमोर खुर्चीवर बसायचं म्हणजे काय! शेवटी दरडावल्यावर कसाबसा कडेला टेकला आणि पुढचं एक उत्तर आठवेना. उभा केला, की घडाघडा. बसवला, की ठप्प. तीन दिवस हेच.

सोनोने म्हणाले, "सर, याचं इंग्रजी पायात हाय."

*

मुंबईला आम्ही तिघं गेलो. शालिग्राम, मी आणि त्याचे वडील किसनराव. किसनराव बोलायला फार कमी. धोतर, पांढरं पागोटं, हातात काठी. कशाला एवढा त्रास घेता, म्हटलं तर म्हणाले, "पोरगं कोणाच्या हाती द्यायचं, तो माणूस पायला पाह्यजे."

वकिलातीत शालिग्राम आत गेला, आम्ही बाहेर बाकावर. साहेबानं त्याला खुर्ची दिली असणार, कारण थोड्याच वेळात शिपाई येऊन म्हणाला, आत कोणाचंच काही पुढं सरकत नाहीये, वडील आले असतील तर त्यांना बोलावलंय. दुभाषा म्हणून मीही गेलो. हातून व्हिसा गेला तर पोराचं सगळं गेलं, आणि गावात तोंड दाखवायचं मला.

साहेब माणूस तरुण होता, भला होता. माझ्याकडे बघून म्हणाला, "मुलगा हुशार आहे. पण लग्न झालेलं नाही, नोकरी नाही, तिघा भावांत धाकटा. असा मुलगा तिकडे गेल्यावर परत कशाला येईल? वडिलांना विचारा, तो परत येईल याची हमी काय?"

मी विचारलं. किसनरावांनी काठी मांडीवर आडवी ठेवली. मग म्हणाले, "मास्तर, साहेबाले सांगा. आमच्या गावात पेरणीच्या टायमाले एक जण दुसऱ्याचा बैल नेते. तवा जबान कोण देते? नेणारा देते. देणाऱ्याच्या दारात येऊन सांगते, का अमक्या दिवशी आणून बांधतो. देणाऱ्याले कोणी इचारत नाई, का तुझा बैल वापस येईन का म्हणून. पोरगं माहं हाय, नेऊन राह्यले तुमी. अन् हमी मलेच मागता?"

माझं झकास इंग्रजी त्या दिवशी कामाला आलं नाही. अडखळत, जसंच्या तसं सांगितलं. साहेबानं एकदा शालिग्रामकडे पाहिलं, एकदा पागोट्याकडे. मग पासपोर्ट ओढला, शिक्का मारला, सही केली आणि शालिग्रामपुढे सरकवला.

मी आभार मानून उठलो. शालिग्राम उठला. किसनराव बसूनच.

"चला किसनराव, झालं काम," मी म्हटलं.

"त्यायचं झालं. साहेब अजून बोलले नाई," ते म्हणाले, आणि आपला उजवा हात तळवा वर करून टेबलावर ठेवला.

मी साहेबाला सांगितलं की आमच्याकडे जबान देताना हातावर हात ठेवतात. साहेब खुर्चीतून उठला, टेबलाला वळसा घालून आला आणि त्यानं आपला हात त्या तळव्यावर ठेवला.

"टू इयर्स," तो म्हणाला.

मी भाषांतर करायला तोंड उघडलं.

"राहू द्या मास्तर," किसनराव म्हणाले. "समजलं."

मग त्यांनी हात सोडला.