लेप माझा, बोल कांतामावशीला

हे बायकोलासुद्धा कधी सांगितलं नाही. तुम्हाला सांगतोय — अन् सांगताना माझाच मला इतका राग येऊन राहिलाय की दात आवळले जातात.

आखाडा बाळापूरजवळ आमचं गाव. बोअरचं पाणी खारं. ते गोडं करणारा पडदा, म्हणजे मेंब्रेन, सुधारायचं काम मी प्रयोगशाळेत करत होतो. पडद्यावर द्यायचा एक लेप मी तयार केला — पाणी जास्त सुटेल, मीठ मात्र अडेल. चाचणीला आपलंच गाव निवडलं. काय मिरवलो होतो तेव्हा!

गावातलं पाण्याचं मशीन बचत गटाची कांतामावशी सांभाळायची. दर आठवड्याला लिंबूसत्वाच्या पाण्याने पडदा धुवायचा, हे मापासकट मीच शिकवलं. बाई घड्याळ लावून धुवायची. शिवाय तिची स्वतःची एक परीक्षा होती: रोज त्या पाण्यात मूठभर तुरीची डाळ शिजत घालायची; खाऱ्या पाण्यात डाळ शिजत नाही ना. दुसऱ्याच महिन्यात म्हणाली, "भाऊ, डाळ शिजून न्हाई राहिली. पाणी बिघडलं बगा."

मी हसलो. शिकलेला ना मी!

आठवड्याने माझं मीटरही तेच बोललं. पडदा उलगडून पाहिला — लेप निघून गेलेला. लिंबूसत्वापुढे टिकतच नव्हता. प्रयोगशाळेत एकदा धुऊन बघितलं असतं तर कळलं असतं. घाई होती. कशाची? नावाची, दुसरं काय?

आणि अहवालात काय लिहिलं मी? 'देखभाल करणाऱ्या महिलेने द्रावण प्रमाणाबाहेर वापरले.' माझ्या लेपाचं नाव वाचलं, पुढचं काम मिळालं. मावशीला गटाने काढलं. गावात तिला 'मशीनबुडवी' म्हणू लागले — नळावर, लग्नात, तिच्या सुनेसमोर. मी ऐकलं अन् गप्प बसलो. थू माझ्या शिक्षणावर!

पुढे लेप सुधारला. आता टिकतो. पहिला काहून गेला, हे मात्र कुठंच लिहिलं नाही.

मागच्या महिन्यात बाळापूरच्या बाजारात मावशी भेटली. तिनंच माझा हात धरून बाजूला घेतलं. "भाऊ, खरं सांगा, माझ्या हातून काय चुकलं व्हतं? माप तर बराबर घेत व्हते मी."

भांडली असती तर बरं झालं असतं. पण ती स्वतःची चूक शोधत होती! आणि मी — "जाऊ द्या मावशी, होतं माणसाच्या हातून" — असं म्हणून तिला माफ करून आलो.