ओलांडलेला बार

लग्न होऊन न्यूझीलंडला गेले, तिथलीच झाले आणि आता तिथल्या संघातून वजनं उचलते. छातीवर चिन्ह त्या देशाचं. इकडे माहेरी, नांदुऱ्यात कुणाला त्याचं काही वाटत नाही, पोरगी मोबाइलवर दिसली की झालं. पण ज्या सरांनी मला बार धरायला शिकवला त्यांना काय वाटतं, ते मला कधी कळलं नाही. फोनवर ते फक्त माझ्या गुडघ्याची चौकशी करत. मी अजून त्यांची आहे की नाही, एवढंच मला जाणून घ्यायचं होतं. म्हणून यंदा सुट्टीत आल्या आल्या आधी व्यायामशाळा गाठली.

कापसाच्या जिनिंगच्या मागची तीच पत्र्याची शेड, तोच सरकीचा वास. सरांचा नियमही तोच. आत आलं की बारला हात लावून तो कपाळाला लावायचा, आणि जमिनीवरच्या बारला वळसा घालून जायचं, ओलांडायचा नाही. "भाकरीवरून कोनी पाय टाकते का बे?" असं ते म्हणायचे. शाळेत असताना मी एकदा घाईत ओलांडला, तर सगळ्यांदेखत कान पिळून घाम निथळेपर्यंत उठाबशा काढायला लावल्या. घरी रडत सांगितलं तर आईनं वर आणखी दोन ठेवून दिल्या.

त्या दिवशी शेडमध्ये नव्या पोरी बसल्या होत्या. सरांनी मला स्नॅच, म्हणजे एका झटक्यात बार जमिनीवरून डोक्यावर, करून दाखवायला सांगितला. दाखवला. पोरींनी टाळ्या वाजवल्या, मी फुगले. शिकवायची खाज मला पहिल्यापासूनच. पलीकडे एकीचे पाय चुकीचे पडत होते, ते सांगायला मी तरातरा निघाले आणि मधल्या बारवरून सरळ पाय टाकून गेले. तिकडे सगळेच तसे जातात.

पोरी एकदम बारकडे बघायला लागल्या. एकीनं दुसरीला कोपरानं ढोसलं, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कानशिलं तापली. भर स्पर्धेत तिन्ही प्रयत्न फसले होते तेव्हाही मला एवढी लाज वाटली नव्हती. तेव्हा निदान वजन तरी जड होतं.

मी सरांकडे पाहत उभी राहिले. त्यांनी ओरडावं म्हणून वाट पाहत होते. या वयात, या पोरींसमोर उठाबशा काढायला मी तयार होते.

"सर, ताईनं बार ओलांडला," रांगेतली एक म्हणाली.

सर उठले. वाकून त्यांनी बारला हात लावला आणि कपाळाला लावला. माझ्या वतीनं.

"राहू दे वं," ते तिला म्हणाले. "त्यायच्या देशात चालते तसं."

आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. मी घाईघाईनं म्हटलं, सर, मी उठाबशा काढते. कान धरायला हातही वर नेले.

"काऊन? पाहुण्यायले कोनी शिक्षा देते का?" ते हसून म्हणाले आणि मला बसायला खुर्ची पुढे केली. मला त्यांचा राग आला, आणि त्याहून जास्त माझ्या पायांचा.

मग चहा आला. पोरींना स्टीलच्या पेल्यांत, सरांनाही पेल्यातच. मला कपबशीत.