वाचलेल्या माणसाची टोपी

कांद्याच्या गोण्यांवर माणसं बसवून चाकणहून पुण्याला निघालेला ट्रक पुलावरून नदीत गेला, आणि त्यातून आमचे हे तेवढे जिवंत घरी आले. अंगावर साधं खरचटलंसुद्धा नव्हतं. झालं! अख्ख्या महाळुंग्यानं ठरवून टाकलं, की हा माणूस नशिबाचा.

नशीब कसलं डोंबलाचं? घरात कांदा चिरला की हे ताटावरून उठायचे. शेतात एकटेच उभे राहून रडायचे, आणि विचारलं तर म्हणायचे, डोळ्यात कचरा गेला. गेलेल्यांची घरं लागू नयेत म्हणून ओढ्याकडून फिरून यायचे. पण हाडं शाबूत होती ना, मग लोकांच्या लेखी सगळंच शाबूत.

तेव्हा पिंपरीकडे कारखाने उभे राहत होते. विटा-मुरूम वाहायला गावात नवे ट्रक येऊ लागले. कुणाच्या तरी डोक्यातून निघालं, की गाडीची पूजा झाली की पहिल्या फेरीला ह्यांना हार घालून ड्रायव्हरशेजारी बसवायचं. ह्यांचा म्हणे पायगुण! हे भिडेखातर जायचे, आणि परत येऊन गोठ्यात भिंतीकडे तोंड करून बसायचे. अन्नाला शिवत नसत. अरे मेल्यांनो, बोकडालासुद्धा हार एकदाच घालतात!

पाटलांचा ट्रक आला तेव्हा मी दारातच आडवी उभी राहिले. हे येणार नाहीत म्हणून सांगितलं. पाटील हसले. देवानं वाचवलेल्या माणसाला भ्यायचं काय कारण, म्हणाले. तेवढ्यात हे माझ्या मागून बोलले. त्या अपघाताबद्दल पहिल्यांदाच.

"पाटील, तुमाला वाटतं मी वाचलो. मी अजून त्या गाडीतच हाय."

पाटलांनी हसणं आवरलं. मला वाटलं, उमजलं असेल. कसलं काय! म्हणाले, बरं, निदान टोपी तरी द्या, सीटवर ठेवतो. आणि खुंटीवरची टोपी घेऊन गेलेसुद्धा.

माझं डोकंच फिरलं. तशीच वेशीकडे गेले. टोपीला हळदकुंकू लावून, हार घालून सीटवर मांडली होती. मी पदर खोचला, पायरीवर चढले आणि सगळ्या गावादेखत टोपी उचलली. पाटील म्हणाले, "वहिनी, अपशकुन झाला की हो."

"होऊ द्या," मी म्हटलं.

घरी येऊन धुतली, पण कुंकू काही जाईना. शेवटी मी ती टोपी चुलीत घातली. हे चुलीशी येऊन बसले, जळेपर्यंत बघत राहिले, आणि मग म्हणाले, "वाढ."