अकरानंतरचं गाणं

गिरणीमागे धानाच्या तुसाचा ढीग कधी उभा राहतो, कुणाला कळत नाही. रोज थोडं थोडं पडतं आणि एक दिवस पलीकडचं घर दिसेनासं होतं. गोंदियाच्या म्युनिसिपल कमेटीतल्या इन्स्पेक्टरशी लग्न झालेल्या बाईजवळ किस्से असेच साठतात. माझ्याजवळचे बहुतेक सगळे दशरथभाऊंच्या पेंडॉलचे.

रेल्वे लाइनीपलीकडे, धानाच्या बांध्यांना, म्हणजे खाचरांना, लागून तो ताडपत्रीचा पेंडॉल होता. एरवी तिथे भजनं, कव्वाल्या चालत. दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरली की रात्रभर दंडार, म्हणजे गाण्यांतून रंगणारा खेळ. स्वातंत्र्य आलं आणि मागोमाग कमेटीचा नियमही आला : रात्री अकरानंतर पेंडॉलात गाणं-बजावणं बंद, दिवे बंद. ते बघायचं काम आमच्या ह्यांच्याकडे.

हे नियम सांगायला गेले तेव्हा दशरथभाऊ ढोलकी आवळत होते. मान वर न करता म्हणाले, "अकरा कोनाचे जी? टेसनाचे का गिरणीचे?"

"स्टेशनचे."

"मंग गाडी लेट असली का आमचंबी लेट चालन का जी?"

* * *

पहिल्या रात्री बरोबर अकराला बत्त्या विझल्या. पण कुणी उठेचना. दवनीवाड्याकडून बैलगाड्यांनी आलेली ती माणसं. दंडार पहाटेपर्यंत चालते ती त्यांच्यासाठीच, कारण उजाडल्याशिवाय कुणी गाडी जुंपत नाही. सगळे अंधारात पडद्याकडे बघत बसून राहिले.

"घरी जा आता," हे म्हणाले.

एक म्हातारी म्हणाली, "गानं बंद झालं, बाबू. आमाले कायले बंद करून रायला?"

रात्रभर धुक्यात बैल माना हलवत राहिले आणि घुंगरं वाजत राहिली. सकाळी पेंडॉलच्या शेजारचे सेठजी कमेटीत हजर. "इन्स्पेक्टर साहब, रातभर घुंगरू! आँख नहीं लगी."

दशरथभाऊंना बोलावणं गेलं. ते येऊन म्हणाले, "बैलायलेबी परवाना लागते का जी?"

* * *

मग ठरलं की दंडारीची गाणी आधी कमेटीच्या साहेबांना दाखवायची. भाऊंकडचं एकही गाणं कधी कागदावर उतरलेलं नव्हतं. म्हणून ते आपल्या थोरल्या मुलाला, बिसनला घेऊन ऑफिसात गेले. बिसन दंडारीतला राजा. त्याने साहेबांच्या टेबलापुढे उभ्याने गायला सुरुवात केली. कर भरायला आलेली माणसं मागे झील धरू लागली.

शेवटचं गाणं मेलेल्या राजाला उठवायचं. खेळात राजा मेला की ते गाणं म्हणून त्याला उठवतात. तसाच पडू दिला तर नटाला वाईट, असं त्यांच्यात मानतात.

साहेब डोळे मिटून बसले होते. "मंजूर," ते म्हणाले. "पण शेवटचं परत म्हणा. नीट ऐकू आलं नाही."

दुपारपर्यंत साहेबांना ते नीट ऐकू आलंच नाही.

* * *

सेठजींना ती जागा गोदामासाठी हवी होती. त्यांच्या तक्रारी थांबेनात. शेवटी साहेबांनी नाइलाजाने दशरथभाऊंना ताकीद दिली की आता अकरानंतर पेंडॉलातून एक सूर जरी आला तर परवाना रद्द आणि जागा गोदामाला.

त्या संध्याकाळी हे ताटावर नुसते बसून होते. "पुढच्या मंडईला राजा अकराच्या आत उठायला पाहिजे," म्हणाले.

"आणि नाही उठला तर?"

"तर बंद करायला मीच उभा असेन."

हे लहानपणी गावच्या दंडारीत गायचे, असं सासूबाई सांगत. लग्नानंतर मी त्यांना गुणगुणतानाही ऐकलं नव्हतं.

* * *

मंडईच्या रात्री फार धुकं होतं. गाड्या उशिरा आल्या, खेळ उशिरा लागला. मी बायकांत, बिसनच्या आईजवळ, जानकीबाईंजवळ बसले होते. राजा बाण लागून पडला आणि फाटकाशी ह्यांनी कंदील वर केला. अकरा. शेजारी साहेब उभे होते, स्वतः बघायला आलेले.

दशरथभाऊंनी ढोलकी खाली ठेवली. बत्त्या विझल्या. ह्यांचा कंदीलही विझला. अंधारात बिसन तसाच पडलेला.

जानकीबाईंनी माझा हात धरला. "माहा लेक असाच पडून राहीन का वो बाई?"

मग फाटकाबाहेरून, सडकेवरून, धुक्यातून एक आवाज आला. राजाला उठवायचं गाणं. आधी दबकत, मग मोकळा. दुसऱ्या कडव्याला आणखी एक आवाज मिळाला, जरा जाडसर. खाली बैलांची घुंगरं होतीच. गाणं शेवटच्या कडव्यापर्यंत गेलं. पडद्यापुढे काहीतरी हललं आणि जानकीबाईंनी माझा हात सोडला.

सकाळी सेठजी कमेटीत गेले. दशरथभाऊ म्हणाले, "पेंडॉलात कोनीच नाई गायलं जी. आवाज सडकेवरून आला. सडकेले कुठं परवाना हाय?"

परवाना राहिला. सडकेवर कोण गायलं, याचा तपास साहेबांनी ह्यांच्याकडे दिला.

ह्यांचा घसा सकाळपासून पार बसला होता. मी चहात आलं जरा जास्त ठेचून घातलं. दुपारी जेवून परत निघताना दारात थांबले.

"थोडं आलं बांधून दे," बसक्या आवाजात म्हणाले. "साहेबांना पाहिजे."