मुरमावरून उड्डाण

कॅप्टन अरविंद खांबेटे यांची आणि माझी पहिली ओळख त्यांच्या फसलेल्या उड्डाणाने झाली. लासुर्ण्याच्या शिवारात उसावर पाकोळी कीड पसरली होती आणि फवारणीसाठी हेलिकॉप्टर आणले होते. मी बारामतीहून बातमीसाठी गेलो होतो. बघायला आसपासच्या वाड्यावस्त्या लोटल्या होत्या.

औषधाची टाकी भरली, पंखा फिरू लागला, पण यंत्राची एकच बाजू उठली. दुसरीकडचा पाय पाणी दिलेल्या काळ्या रानात रुतला होता. हेलिकॉप्टर गर्दीच्या बाजूला कलले. अशा वेळी यंत्र आणखी वर ओढायचा मोह होतो, आणि तिथेच ते आडवे होते. कॅप्टनसाहेबांनी जोर काढून घेतला. यंत्र धप्पकन खाली बसले. पंखा शाबूत, माणसेही शाबूत.

ते उतरताच शेताचे मालक बापूराव म्हणाले, "काय सायेब, भ्यालासा व्हय?"

"भ्यालो की, बापूराव. म्हणून तर तुम्ही हसायला शिल्लक आहात!"

सगळे हसले, बापूराव सोडून. ते कलंडत्या पंख्याच्या सर्वांत जवळ उभे होते. उसाकडे बोट दाखवत म्हणाले, "आन् फवारणीचं? आज ऱ्हायली तर समदा ऊस जाईल."

"कडक जमीन द्या. शिवार धुऊन काढतो."

बापूरावांनी ट्रॅक्टरने मुरूम आणला, रोलर फिरवला. साहेबांनी टाकीतले औषध कमी करवले, गर्दी बांधापलीकडे हटवली. यंत्र वीतभर उचलून तोलून पाहिले आणि मग थेट उसावर झेपावले. शिट्ट्यांनी शिवार दणाणले. दिवस मावळायच्या आत सगळी फवारणी झाली आणि ऊस वाचला.

साहेबांचा मोठेपणा त्यानंतर दिसला. ते बापूरावांना म्हणाले, "यापुढे जागा तुम्ही बघायची. तुम्ही हात वर केल्याशिवाय मी उडणार नाही." पुढे इंदापूर-बारामतीत ते जिथे जिथे उडाले, तिथे आधी जमीन कडक आहे का हे बघायला बापूरावांची टाच आपटली. त्यांचे एकही यंत्र पुन्हा कलंडले नाही. आज साहेब तरुणांना ड्रोनने फवारणी शिकवतात. पहिला धडा जागा पाहण्याचाच असतो.

साहेबांच्या अमृतमहोत्सवाचा मांडव कुठे घालावा, यावर आमची बरीच चर्चा झाली. शेवटी बापूरावांचाच फोन आला: "सायबांस्नी सांगा, जागा म्या बघितलीया. मुरूम हाय."

तेव्हा साहेब, निर्धास्त या. शंभरीपर्यंत असेच ठणठणीत राहा. बापूरावांनी हात वर केला आहे.