व्याह्यांच्या गाडीचं बॉनेट

जुनी गाडी घेताना बॉनेट उघडून बघावं, एवढी अक्कल मला होती. पण ती गाडी आमच्या व्याह्यांची होती, आणि व्याह्यांच्या गाडीचं बॉनेट उघडता येत नाही.

ज्यांनी लेक दिली आहे त्यांना हे समजावून सांगायला नको. आमची शीतल कुंडलला दिली, त्याला पुरतं वर्षही झालं नव्हतं. तिचे सासरे तात्या म्हणजे मनानं राजा माणूस, पण एकदा रुसले की संपलं! (सख्ख्या भावाशी ते चार वर्षं बोलत नव्हते. कारण? त्यानं यांच्या म्हशीला 'रोडकी' म्हटलं होतं.) म्हशीवरून चार वर्षं, तर गाडीवरून किती, हा हिशेब मी मनातल्या मनात केला होता.

मी रहिमतपूरला मास्तर. पाहुणचाराला कुंडलला गेलो असताना, जुनी गाडी बघतोय, असं जेवता जेवता बोलून गेलो. तात्यांचा घास हातातच राहिला.

"आवं पाव्हणं, भायेरची कशाला? मी नवी घ्यायची म्हंतोय, तवा आपलीच घिऊन जावा की! फकस्त घर ते मळा चालवलीया. टायर बगा, पोरीवाणी जपल्यात!"

अंगणात गाडी होतीच. मी सहज म्हणून हात बॉनेटकडे नेला, तोच माझ्या दंडाला असा चिमटा बसला की डोळ्यांतून पाणी आलं.

"संशय घेताय व्हय?" आमच्या मंडळी दातओठ खात कुजबुजल्या. "लेकीला नांदायचं हाय हितं!"

बॉनेट राहिलं. एक चक्कर मारून बघणं राहिलं. तात्यांनी सांगितली ती किंमत मोजली. गाडी नावावर करायचे कागद मागायचे, तर तेही राहिले, कारण सोयऱ्याकडे लगेच सही मागणं बरं दिसत नाही. "कागदाचं काय तात्या, करू की सावकाश," मी दिलदारपणे म्हणालो. विहीणबाईंनी गाडीला हळदकुंकू लावलं, तात्यांनी नारळ फोडला आणि आम्ही निघालो.

सागरेश्वरच्या घाटात गाडीतून वाफ यायला लागली.

मी उतरून दगडावर बसलो. त्याच वेळी मोबाइल वाजला.

"पाव्हणं, कशी हाय गाडी?"

"झकास, तात्या! पाण्यासारखी पळतेय!" मी म्हणालो. (पाणी पळत होतं, हे खोटं नव्हतं. रेडिएटरमधून रस्त्यावर आणि रस्त्यावरून गटारात.)

शेवटी एका ट्रॅक्टरला दोर बांधून आमचं टोचन झालं आणि तशीच मिरवत गाडी रहिमतपुरात आली. अन्वर मिस्त्रीनं बॉनेट उघडलं, आत बघितलं आणि डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"गुरुजी, इंजिन कामाला आलंय. घ्यायच्या आदी कुणाला दावली न्हाई व्हय?"

"नाही."

"निदान ह्ये तरी उघडून बगायचं!"

"व्याह्यांची आहे रे."

मिस्त्री टोपी परत घालत म्हणाला, "मग बरूबर हाय. माज्याबी घरात सासऱ्याची फटफटी हाय."

त्यानंतरचे सहा महिने आम्ही असेच काढले. गाडी गावात गुमान चालायची आणि गावाबाहेर पडली की तापायची. डावीकडचं दार आतून उघडत नसे. मंडळींना उतरवायला मी पळत पळत पलीकडे जाऊन दार उघडायचो, तर गावात बोलवा झाली की गुरुजींचं उतारवयात बायकोवर प्रेम उतू चाललंय! आणि दर रविवारी तात्यांचा फोन. "कशी हाय आमची लाडकी?" दर रविवारी मी जास्तच चढवून सांगायचो. आवाज नाही, धक्का नाही, ॲव्हरेज तर विचारूच नका. खोटं बोलण्यात माझी एवढी प्रगती होईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

एक दिवस मंडळींनी निर्वाणीचं सांगितलं. "आवं, ही गाडी तरी जाईल, न्हाईतर मी तरी म्हायेरला जाईन!"

"जा, पण एसटीनं जा," मी म्हणालो. "हिनं गेलीस तर पोचायची नाहीस."

साताऱ्यात जुन्या गाड्यांचा एक व्यापारी गाठला. आहे त्या अवस्थेत घेतो म्हणाला. मी जवळजवळ त्याच्या पाया पडणार होतो. मग त्यानं कागद मागितले.

"ही तर दुसऱ्याच्या नावावर हाय! मालकाची सही आणा, आन ओटीपी जाईल त्यो त्येंच्याच मोबाइलवर. आन गुरुजी, सा म्हैने अशीच फिरवताय? उद्या कुणाला धडकली तर पोलीस पयल्यांदा त्येंच्या दारात जात्याल की!"

तात्यांच्या दारात पोलीस आणि आत आमची शीतल! गाडी काढायची, तीही तात्यांना न दुखावता, एवढंच आता माझ्या आयुष्याचं ध्येय उरलं. बेत ठरला. कुंडलला जायचं, 'नावावर करून घेतो' म्हणून सही घ्यायची, आणि पुढं काही दिवसांनी गुपचूप विकून मोकळं व्हायचं.

तीन ठिकाणी थांबून, तिला पाणी पाजत, आम्ही कुंडलला पोचलो. शीतलनं चहा आणला. तिला फोनवरून सगळं ठाऊक होतं, त्यामुळं चहा देऊन ती स्वयंपाकघराच्या दारातच थांबली. तात्या मात्र खिडकीतून गाडीकडे बघत बसलेले.

"पाव्हणं," ते एकदम म्हणाले, "राग मानू नगा. ती इकली ही माजी चूक झाली. नव्या गाडीत मन रमंना. तुमी दर आयतवारी कौतिक करता, आन हितं माजं काळीज तुटतं. मळ्यापुरती का हुईना, पर ती मला परत देता का?"

माझ्या कानांवर माझा विश्वास बसेना. घर ते मळा! तेवढ्यात ती कधीच तापली नसती. सगळ्या विश्वात त्या गाडीला शोभेल असा एकच मालक होता आणि तो हात जोडून माझ्यासमोर बसला होता. स्वयंपाकघराच्या दारात शीतल जोरजोरात मान हलवत होती. मंडळींनी डोळे मिटून देवाचे आभार मानले.

पण आपल्यात रीत असते. सोयऱ्याकडे दुसरी भाकरी वाढायला आली की ताटावर हात आडवा धरायचा. तीनदा नको म्हणायचं, आग्रह झाला की घ्यायची. एका शब्दात 'घ्या' म्हणालो असतो, तर गाडी गळ्यात पडलीय हे तात्यांनी ओळखलं नसतं का?

"छे छे तात्या!" मी म्हणालो. "भलतंच काय! जीव जडलाय आमचा तिच्यावर. ती नाही द्यायची!"

आणि आग्रहाची वाट बघत बसलो.

तात्यांनी टॉवेलानं डोळे पुसले. "बरं," ते म्हणाले, "ऱ्हायलं. तुमचं मन मोडून मला काय करायचंय!" उठले, चष्मा लावला आणि सगळ्या कागदांवर सह्या केल्या. मग माझा हात हातात घेतला. "फकस्त एक वचन द्या. हिला कवा इकायचं न्हाई. तुमच्या दारात दिसली की मला बरं वाटंल."

शीतल समोर उभी होती. मी वचन दिलं.

परतताना घाटात, ठरलेल्या जागी, गाडी थांबली. मंडळी आतच बसून होत्या (दार उघडत नव्हतं), आणि तिथूनच म्हणाल्या, "भाकरीला म्हणत्यात हो ते न्हाई न्हाई. गाडीला न्हाई म्हणत!"

तीस वर्षं संसार केला आणि मास्तरकीही केली. इतक्या वर्षांत माझं 'नाही' ना घरात कुणी ऐकलं, ना वर्गात. पहिल्या शब्दाला मान देणारा एकच माणूस मला भेटला, आणि तो त्या दिवशी भेटला.